चौथा रकाना

फ्रिज दुरुस्तीची वही मागून उघडली,
पट्टी लावून तीन रकाने आखले:
निकाल, जादा वर्ग, बसभाडं.
खाली तीन शाळा. तिन्ही महापालिकेच्या,
आणि कस्तुरी आठवीत एकदाच जाणार.

कंप्रेसर घ्यायचा तर मी आवाज ऐकतो,
तळहात टेकवून थरथर बघतो,
जळका वास येतो का, हुंगतो.
शाळेला हात कुठे लावायचा?

पहिली पर्वतीच्या पायथ्याशी.
दारातच फ्लेक्स, स्कॉलरशिपला लागलेली अकरा मुलं,
अकराव्याचा चेहरा उन्हानं उडालेला.
गणित-विज्ञान इंग्रजीतून, सकाळी सातला जादा तास,
ऑलिंपियाडची तुकडी वेगळी,
तिचा वर्ग वेगळा, तिचा पंखासुद्धा नवा.
"बाकीच्या तुकड्यांचं?" मी विचारलं.
"त्यांचं चाललंय की," क्लार्क म्हणाले.
मी लिहून घेतलं: चाललंय.

दुसरी बिबवेवाडीच्या चढावर.
प्रयोगशाळेत रोबो आहे म्हणे.
काचेला नाक लावून पाहिला,
अंगावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.
किल्ली ज्या सरांकडे, ते मतदार यादीच्या कामावर.
मी वॉरंटी विचारली.
कुणी हसलं नाही.

तिसरी स्वारगेटच्या मागे, टायरच्या दुकानांत दडलेली.
फ्लेक्स नाही, खास तुकडी नाही.
दुधाणे बाई व्हरांड्यात उकिडव्या बसून
खडूनं फरशीवर रेघा ओढत होत्या.
कस्तुरीला म्हणाल्या, "यात चौकोन किती?"
"नऊ."
"बरं," म्हणाल्या, आणि दुसऱ्या पोरांकडे वळल्या.

बसमध्ये पोरगी बोलेना.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला एकदम माझं मनगट धरलं,
"पप्पा, चौदा! छोटे नऊ, मधले चार, आणि सगळा मिळून एक."
पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं.
मी तिकिटाच्या मागे लिहिलं: १४.
हे कुठल्या रकान्यात घालायचं, कळलं नाही.

घरी सगळ्यांना सगळं माहीत होतं.
मेव्हणा म्हणाला, कर्ज काढ, सीबीएसईत घाल.
बायको म्हणाली, पहिलीच. फ्लेक्सवर नाव आलं
की चार लोक विचारतात.
मी गुण दिले: आठ, सहा, चार.
बेरीज बरोबर होती.

मग कस्तुरीनं वही ओढली,
पट्टी न लावता, वाकडातिकडा चौथा रकाना काढला.
वर लिहिलं: कडी.
पहिली शाळा: आहे, पण बाहेरून.
दुसरी: आहे.
तिसरी: नाही. मैत्रिणीनं दार धरायचं.

मी पाणी मागायला गेलो नव्हतो कुठे,
मुलींच्या त्या बाजूला तर नाहीच.
ती कधी जाऊन आली, तीनही ठिकाणी?
"आताच्या शाळेतपण नाहीये," म्हणाली,
"म्हणून मी शाळेत पाणीच पीत नाही. तीन वर्षं झाली."
पेनातली शाई संपली, हे सांगावं तशी म्हणाली.

तीन वर्षं तिची भरलेली बाटली
संध्याकाळी मीच मोरीत ओतत होतो.
वाटायचं, पोरीला तहान कमी.

"मग दुसरी?" मी विचारलं.
"नाही. तिसरी," म्हणाली.
"कडी तुम्हाला लावता येते ना?"

प्रवेशाच्या दिवशी दाखला, आधारची झेरॉक्स, दोन फोटो,
आणि पँटच्या खिशात दोन कड्या, सोळा स्क्रू, पेचकस.
शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर थांबलो.
दुधाणे बाईंनी दार धरलं.
खालचं लाकूड कुजलेलं, म्हणून वीतभर वर लावली.
मग बाईंना बाहेर उभं करून
आत शिरलो, कडी लावली,
काढली, पुन्हा लावली.
बाहेरून त्यांनी दार ढकललं.
हललं नाही.

"दारं एकूण पाच आहेत हो," बाई म्हणाल्या.
घरी आल्यावर वही पुढून उघडली,
जिथं गिऱ्हाइकांची नावं असतात,
आणि लिहिलं:
महापालिका शाळा, स्वारगेट. तीन दारं बाकी. शनिवारी.